आधी केसगळती थांबव, लावणीचं पुढच्या वर्षी बघू

पत्र, थोडं कापून:

‘डॉक्टरकाका, वय २७. नोकरी हिंजवडीत, राहतो वाकडला; फ्लॅटवर दोन मित्र आणि त्यांतल्या एकाची मांजर. तीन वर्षांत कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळूवर उजेड पडला की कातडी दिसते. बाबांना पस्तिशीत टक्कल पडलं होतं. घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय आणि आईच्या मनात तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. औंधच्या स्किनच्या डॉक्टरांनी फिनास्टेराइडची गोळी आणि डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल लिहून दिलं. पण गोळीबद्दल मित्राने जे सांगितलं ते ऐकून मी पाकीट उघडलंच नाही. मग एका हेअर क्लिनिकमध्ये गेलो. त्यांनी ३,५०० ग्राफ्ट (डोक्यामागून काढून पुढे लावायची केसांची मुळं) आणि सोबत पीआरपी (स्वतःच्याच रक्ताची इंजेक्शनं) असं पॅकेज सांगितलं. गणपती उठले की सर्जरी करू, तीन महिन्यांत लग्नाला तयार, असं म्हणाले. ऑफर त्याच दिवसापुरती होती म्हणून १५,००० रुपये टोकन भरून आलो. आई म्हणते हे सगळं टँकरच्या पाण्याने झालंय, माक्याचं तेल लाव. बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या मी स्वतःहून चालू केल्यात. गोळ्या की सर्जरी, एकदाच काय ते सांगा. – टोपीवाला, वाकड’

टोपीवाल्या,

‘गोळ्या की सर्जरी’ या प्रश्नातच घोळ आहे, आणि तो तुझा नाही, तुला पॅकेज दाखवणाऱ्यांचा आहे. ही दोन कामंच वेगळी. औषध चालू गळती रोखतं आणि गेलेल्यातलं थोडंफार परत आणतं. सर्जरी मागचे केस काढून पुढे लावते. बाकीचे गळायचे ते गळतच राहतात. तुझी गळती अजून चालू आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: यंदा सर्जरी नको. वर्षभर औषध घे, दर महिन्याला फोटो काढ, आणि तरीही गरज वाटली तर निवांतपणे चांगला सर्जन शोध.

मी फॅमिली डॉक्टर आहे, त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. माझं हेअर क्लिनिकही नाही आणि मेडिकलचं दुकानही नाही, त्यामुळे तू काय निवडतोस त्यात माझा रुपया अडकलेला नाही. औंधच्या डॉक्टरांनी तुझं डोकं प्रत्यक्ष बघितलंय, त्यांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा धर.

आधी टँकर. वाकड, बाणेर, हिंजवडीकडे बोअरवेलचं जड पाणी येतं हे खरं, त्यात साबणाला फेस येत नाही हेही खरं. अशा पाण्याने केस राठ होतो आणि मधेच तुटतो. मुळाला त्याने काही होत नाही. पाणीच कारण असतं तर सोसायटीतल्या सगळ्यांच्या कपाळाचे कोपरे मागे गेले असते, मुलींचेही. तू बाबांचं सांगितलंस ते खरं कारण. मामाकडेही बघ, हा वारसा दोन्हीकडून येतो.

होतं असं की टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात डीएचटी नावाच्या जास्त कडक हॉर्मोनमध्ये बदलतो. काहींच्या कपाळाजवळच्या आणि टाळूवरच्या मुळांना हा डीएचटी सोसत नाही. केस एकदम जात नाही. प्रत्येक फेऱ्याला तो आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, पुढे त्याची नुसती लव होते, आणि एक दिवस तीही उगवत नाही. घरी एक गंमत करून बघ. कोपऱ्यातला एक केस आणि मागे मानेच्या वरचा एक केस उपटून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेव. एक दोऱ्यासारखा आणि दुसरा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसला, तर मुळं आक्रसतायत असं समज. मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर डीएचटीची मात्रा चालत नाही, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही कानापासून कानापर्यंत झालर उरते.

तरीही एक शंका मिटवून घे. गेल्या काही महिन्यांत डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड यांपैकी काही झालं होतं का? पुण्यात पावसाळ्यानंतर हे विचारावंच लागतं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, माणूस घाबरून क्लिनिक गाठतो, आणि खरं तर ते केस आपसूक परत येणार असतात. लग्नासाठी वजन उतरवायचं म्हणून जेवण तोडलं तरी हेच होतं. तुझी तीन वर्षांची चाल बघता ते एकटं कारण वाटत नाही, पण वरून भर पडली असू शकते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी १२ एवढ्या तपासण्या पुरेत. आणि रक्त द्यायला जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस तुझं ते बायोटिन बंद ठेव. जास्त मात्रेतल्या बायोटिनने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. खरं तर ते कायमचंच बंद केलंस तरी चालेल; बायोटिनची कमतरता नसताना ते खाऊन टक्कल थांबत नाही.

आता गोळी. मित्र काय म्हणाला ते तू लिहिलेलं नाहीस, पण ओळखता येतं.

फिनास्टेराइड डीएचटी तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. अमेरिकेत ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ साली पुरुषांतल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीच्या आजारावर मंजूर झाली आणि १ मिलिग्रॅमची १९९७ साली टकलासाठी. म्हणजे डोक्यासाठीसुद्धा तिचा पाव शतकाहून जास्त अनुभव गाठीशी आहे. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी, गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी ८३ जणांच्या टाळूवरच्या केसांची संख्या कमी झाली नव्हती. तुलनेसाठी नुसती पिठाची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत असे २८ होते. हे आकडे टाळूचे आहेत. कपाळाच्या कोपऱ्यांवर गोळीचा प्रभाव त्या मानाने कमी, तिथे ‘आहे ते टिकलं’ हेच यश मानायचं.

लैंगिक त्रासाचं बोलू. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं, हे सगळं धरून त्याच चाचण्यांत गोळीवाल्यांत प्रमाण ३.८ टक्के होतं आणि पिठाच्या गोळीवाल्यांत २.१ टक्के. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर गेला. थोड्या लोकांनी मात्र गोळी सोडल्यावरही त्रास टिकल्याची तक्रार केलेली आहे. ते किती जणांना आणि का होतं यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, पण ती माणसं खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. दुसरं मनाचं. फिनास्टेराइडने काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, हे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं. तुला पूर्वी डिप्रेशनसाठी उपचार घ्यावे लागले असतील, तर गोळी चालू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचंच. नसतील तरी घरातल्या एकाला सांगून ठेव की मी ही गोळी घेतोय, मी गप्प गप्प वाटलो तर विचार. तसं काही वाटलं तर गोळी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन. ही गोळी एकदम थांबवली म्हणून शरीराला काही होत नाही.

मित्राच्या सांगण्याचा परिणाम मात्र गोळीपेक्षा जबर असू शकतो. इटलीतला २००७ सालचा एक अभ्यास आहे, प्रोस्टेटच्या रुग्णांवरचा. सगळ्यांना फिनास्टेराइडच दिलं. निम्म्यांना लैंगिक त्रास होऊ शकतो असं आधी सांगितलं, निम्म्यांना सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्यात तक्रारी सुमारे ४४ टक्के, ज्यांना नाही त्यांच्यात १५. म्हणून रुग्णापासून लपवा असं मी म्हणत नाही, मी तर तुला सगळंच सांगून बसलोय. पण पहिल्या आठवड्यात रोज रात्री स्वतःची परीक्षा घेत बसलास तर नापास होशील, गोळी घे नाहीतर चुरमुरे खा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ५ मिलिग्रॅमची गोळी स्वस्त पडते म्हणून ब्लेडने चार तुकडे करणारे बहाद्दर आहेत. तू १ मिलिग्रॅमचीच घे. तुकड्याची पूड गर्भार बाईच्या हाताला लागणं मुलग्याच्या गर्भाला धोक्याचं असतं, आणि तुझं लग्न तोंडावर आहे. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, तिचा तसा धोका नाही. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलून काही महिने ती थांबवावी की नाही ते ठरवायचं. काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी होते आणि गोळी सोडली की पूर्ववत येते. गणेश मंडळाच्या शिबिरात रक्तदान करत असशील तर गोळीचं नाव तिथे सांग. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबायचं असतं, कारण ते रक्त कुणा गर्भार बाईला जाऊ शकतं. आणि पुढे पन्नाशीत प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची तपासणी करशील तेव्हाही गोळीचं सांगायचं, तिने तो आकडा निम्म्यावर येतो.

ड्युटास्टेराइड नावाची जास्त जोरदार गोळी आहे, नेटवर तिचे भक्त सापडतील. ती शरीरातून निघायला महिनोन्‌महिने घेते. लग्न आणि मूल समोर असलेल्या माणसाने सुरुवात तिच्यापासून करू नये.

एवढं वाचूनही गोळी नकोच वाटली तर नको. तो वेडेपणा नाही, तुझं डोकं आहे. मग निदान मिनॉक्सिडिल तरी नीट लाव.

मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि कुणाला तरी ते डोक्याला लावायचं सुचलं. १९८८ पासून अमेरिकेत ते लावायच्या रूपात आहे. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा १ मिली. लोक ते तेलासारखं केसांवर चोळतात आणि निम्मं केसच पितात. कोरड्या डोक्यावर भांग पाड, ड्रॉपर कातडीच्या जवळ धर, चार थेंब टाक, बोटाच्या टोकाने पसरव, शेजारी दुसरा भांग पाड. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर हात धू. रात्री झोपण्याच्या दोन-तीन तास आधी लाव, म्हणजे उशीला पुसलं जाणार नाही.

इथे तुमच्या मांजरीचा विषय येतो. मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे. उशीवर लोळणं किंवा तुझं डोकं चाटणं एवढ्यानेसुद्धा मांजरं दगावलेली आहेत. बाटली कपाटात, उशीचा अभ्रा वेगळा, आणि तुझ्या खोलीचं दार बंद. मित्रालाही आजच सांग.

पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. बहुतेक लोक इथेच बाटली फेकतात. जुने मरगळलेले केस पडून नवी फेरी सुरू होत असते, दीड-दोन महिन्यांत ते थांबतं. फरक दिसायला चार महिने, नीट अंदाज यायला वर्ष. दोन्ही औषधांची एक अट क्लिनिकच्या पत्रकात छापत नाहीत: सोडलंस की मिळवलेलं जातं, मिनॉक्सिडिलचं तीन-चार महिन्यांत आणि फिनास्टेराइडचं साधारण वर्षात. महिन्याचा खर्च हजाराच्या आतबाहेर येतो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. डोक्याला खाज किंवा कोंड्यासारखं सुटलं तर बहुधा लोशनमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे. त्याऐवजी फेसासारखा येणारा फोम मागून घे. हल्ली डॉक्टर कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळीही देतात, पण छातीत धडधड आणि पायांवर सूज येऊ शकते, तेव्हा ती मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची वस्तू नाही.

फोटो काढायचा तो दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, एकाच दिव्याखाली, केस एकदा ओले आणि एकदा कोरडे, समोरून आणि वरून. आरसा रोज बघणाऱ्याला आरसा काही सांगत नाही.

माक्याचं तेल? लाव की. आई लावून देत असेल तर बसून लावून घे. केसाला तुळतुळी येते, झोप छान लागते. डीएचटीला ते हात लावत नाही, पण त्यावरून आईशी वाद घालायचं काही कारण नाही. फक्त तेल आणि मिनॉक्सिडिल एका वेळी नको.

आता सर्जरी. पावसाळ्यात मुळशी-मावळात भाताची लावणी बघितली असशील. तरवा, म्हणजे रोपं, एका वाफ्यात वाढवतात, उपटतात आणि चिखलात ओळीने लावतात. हेअर ट्रान्सप्लांट तेच आहे, फक्त इथे तरवा पुन्हा पेरता येत नाही. डोक्यामागचा पट्टा हा तुझा वाफा. मागची मुळं पुढे लावली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइश या डॉक्टरने १९५० च्या दशकात दाखवलं, आणि हा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे. पण त्या पट्ट्यातून आयुष्यभरात काढता येतील असे ग्राफ्ट बहुतेक सर्जन ५-६ हजारांच्या आसपास धरतात, पुष्कळांचे त्याहूनही कमी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस.

तुला सत्ताविशीत एका दमात ३,५०० सांगितले. निम्म्याहून जास्त तरवा कपाळावर संपला. बाबांचं डोकं बघता पुढच्या दहा वर्षांत कपाळ आणि टाळू यांच्या मधलं रान मोकळं होणार, विशेषतः औषध घेतलं नाहीस तर. मग पुढे लावलेली एक दाट रेघ, तिच्यामागे उघडं बेट, आणि मागचा वाफा विरळ. ते बुजवायला शिल्लक काही नाही. तिशीच्या आतल्या, औषध न घेतलेल्या मुलाला चांगला सर्जन बहुधा ‘वर्षाने या’ म्हणतो, ते यासाठी. त्यातून जे केस अजून आहेत पण दुबळे झालेत, ते आसपास टोचाटोची झाल्याच्या धक्क्याने गळू शकतात, आणि दुबळ्यांतले सगळे परतत नाहीत.

तारखेचं गणित तर सरळ फसलेलं आहे. सर्जरीनंतर आठ-दहा दिवस खपल्या. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात लावलेल्या केसांतले बहुतेक गळून पडतात. मूळ आत शाबूत असतं, वर काही नसतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टोक काढतात, तेही बारीक आणि वाकडे. ऐन रंगात यायला वर्ष लागतं, टाळूवर दीडही. म्हणजे गणपती उठल्यावर सर्जरी करून तुळशीच्या लग्नानंतर बोहल्यावर चढलास, तर आत्तापेक्षा वाईट दिसशील. ‘तीन महिन्यांत तयार’ म्हणणाऱ्याने एकतर कॅलेंडर बघितलेलं नाही किंवा तुला बघून घेतलंय. लग्नाच्या दिवशी फेटा असतोच. साखरपुड्याला विरळ जागी शिंपडायचे केसांच्या रंगाचे तंतू मिळतात, फोटोत ते बेमालूम दिसतात. आणि एखाद्या रविवारी केस अगदी बारीक करून बघ, ज्यांना शोभतं त्यांना फार शोभतं. टकलाचा नवरा नको म्हणणारी मुलगी आत्ताच नको म्हणाली तर दोघांचाही वेळ वाचतो.

वर्षाने सर्जरी करायची ठरलीच, तर जंगली महाराज रोडपासून बाणेरपर्यंत पाट्यांना तोटा नाही. पाटीखालचा माणूस बघ. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम पुरेसं शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं आहे, मुख्यतः प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगातले एमडी. यूट्यूब बघून आणि कार्यशाळेत बसून ते शिकता येत नाही. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक माग आणि कौन्सिलच्या साइटवर पडताळून बघ. तुझ्याशी गोड बोलणारा ‘कन्सल्टंट’ बहुतेक वेळा विक्रीच्या टार्गेटवर असतो. तेव्हा थेट डॉक्टरांना विचार: भूल कोण देणार, ग्राफ्ट स्वतः काढणार का, पुढच्या खाचा स्वतः करणार का, ऑक्सिजन आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का. ‘आमची टीम बघते’ असं उत्तर आलं की चहा पिऊन निघ. जागेवरची भूल असली तरी तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया आहे ती. मुंबईत २०१९ मध्ये ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत हजारो ग्राफ्ट करून घेतले आणि दोन-तीन दिवसांत तो गेला. अशा घटना विरळा असतात, पण जीव गेलेल्याला त्याचा काय उपयोग?

पट्टी कापून काढायची पद्धत चांगली की एकेक टोचून काढायची, यात फार गुंतू नकोस. पहिलीत मागे एक आडवी रेघ राहते, दुसरीत बारीक ठिपके आणि जास्त काढल्यास कीड लागल्यासारखी विरळ झालेली डोक्याची मागची बाजू. हात कुणाचा, याने जास्त फरक पडतो. त्यांचे जुने फोटो दाखवतील तेव्हा आधीचा ओल्या केसांचा आणि नंतरचा कोरड्या केसांचा नाही ना, ते बघ. खर्चात जीएसटी विचार. बहुतेक उपचारांना तो माफ असला तरी ट्रान्सप्लांट त्या माफीतून वगळलेलं आहे. सुट्टीही धर, कारण लावलेल्या डोक्यावर हेल्मेट घालायला डॉक्टर काही काळ मनाई करतात आणि वाकड-हिंजवडी रस्त्यावर विनाहेल्मेट जाण्याचा सल्ला मी देणार नाही. (हेल्मेटने टक्कल पडत नाही. पुणेकरांना न घालायला हेही एक कारण पुरतं, म्हणून सांगून ठेवतो.)

पीआरपी म्हणजे तुझंच रक्त फिरवून त्यातला भाग डोक्यात टोचणं. काहींना फायदा होतो असं अभ्यास सांगतात, पण कशी तयार करायची आणि किती वेळा द्यायची यावर सगळ्यांचं वेगळं. आधी वर्षभर औषधाचं काय होतं ते कळू दे.

औंधच्या डॉक्टरांवर मन बसत नसेल तर दुसरं मत घे, आणि ते विकायला काही नसलेल्या ठिकाणी घे. ससून या सरकारी रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी आहे, तुला पिंपरीचं वायसीएम हे महापालिकेचं रुग्णालय जवळ पडेल. केसपेपर काढून रांगेत बसावं लागेल, पण तिथे ‘आजच्या दिवसाची ऑफर’ नसते.

मुलीला कितपत सांगायचं, हे तू विचारलेलं नाहीस. गोळी चालू केलीस तर लग्न ठरण्याआधी सांग, मुलाबाळांशी संबंध येतो म्हणून. केसांचं सांगावं लागत नाही, ते दिसतं. बायोडेटाला कॉलेजातला फोटो लावला असशील तर मात्र बदल.

राहिले १५,०००. पावती काढ आणि मागची बारीक अक्षरं वाच. ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं म्हणून ते शेवटचं नसतं. काउंटरवर जाऊन पुणेरी आवाज लावू नकोस. आज रात्रीच ईमेल कर: अमुक तारखेला टोकन भरलं, शस्त्रक्रिया झालेली नाही, डॉक्टरांनी मला तपासलं की नाही ते, तीन महिन्यांत परिणाम दिसेल असं मला सांगितलं गेलं, वैद्यकीय सल्ल्याने मी ती रद्द करतोय, रक्कम पंधरा दिवसांत खात्यावर जमा करा. त्यांनी फोन केला तर ‘मेलवर लिहा’ एवढंच बोल. तारीख पुढे ढकलतो, ग्राफ्ट वाढवून देतो, असं म्हणतील, नाही म्हण. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव, आणि तरीही हालचाल नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, एवढ्या रकमेला वकील लावायची सक्ती नाही.